बडोद्याच्या वहीतले पारशी नाव आणि आपले लिंक्डइन प्रोफाइल

'स्वतःचा ब्रँड तयार करा' हा उपदेश हल्ली कॉलेजच्या प्लेसमेंट सेलपासून विहारातल्या करिअर शिबिरापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. लिंक्डइनवर टापटीप फोटो लावा, नावाखाली वजनदार ओळ लिहा, ओळखी वाढवा, मग नोकरी तुमच्याकडे चालत येईल. हे सांगणारे एक गोष्ट मात्र गाळतात. ब्रँड नावावर उभा राहतो आणि या देशात नाव वाचले की त्यातून जात वाचली जाते.

'पर्सनल ब्रँड' ही कल्पना काही फार जुनी नाही. १९९७ साली टॉम पीटर्स या अमेरिकन व्यवस्थापन-लेखकाने 'फास्ट कंपनी' मासिकात लेख लिहून तिचा डंका पिटला. २००३ च्या मे महिन्यात लिंक्डइन सुरू झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेण्याचा सौदा केला. इंग्रजीतला 'ब्रँड' हा शब्द मुळात जळण्याशी, तापल्या लोखंडाने जनावराला दिलेल्या डागाशी जोडलेला आहे. आमच्या समाजाला तो डाग जन्माआधीच दिलेला होता, त्यामुळे ब्रँडिंग म्हणजे काय हे आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको! असो. आमचा मुद्दा वेगळा आहे. नाव, ओळखी आणि शिफारस या तीन गोष्टींवर हे सारे चालते आणि त्या तिन्हींचा आमचा स्वतःचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो न वाचता प्रोफाइल भरायला बसू नये.

सप्टेंबर १९१७. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. मिळवलेला, तिथेच डॉक्टरेटचे काम केलेला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास अर्धवट सोडून आलेला २६ वर्षांचा तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होतो. त्या काळच्या हिंदुस्थानात असा बायोडेटा किती जणांकडे होता? पण बडोद्यात त्याला राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी सराईच्या रखवालदाराला त्यानेच तोड सुचवली: वहीत पारशी नाव लिहितो आणि राहतो. बाबासाहेबांनी हे स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले.

म्हणजे उसने नाव जेमतेम दहा दिवस टिकले.

पुढचा भाग आमच्या तरुणांनी नीट वाचावा, कारण तो ओळखींचा आहे. त्या दिवशी बाबासाहेबांनी बडोद्यातल्या दोन मित्रांकडे आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. त्याने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले, आणि ते जोडपे मूळचे ब्राह्मण घरातले होते. लिंक्डइनच्या भाषेत ही दोन्ही 'फर्स्ट डिग्री कनेक्शन्स'. ओळख होती, पण उंबरठ्यापर्यंतच. संध्याकाळ बागेत काढून बाबासाहेबांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

मुंबईत त्यांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली. सुरुवातीला गिऱ्हाइके आली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर ती येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. पुढे ज्यांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, त्यांचा पैशाविषयीचा सल्ला बाजाराला चालला नाही. गुणवत्ता असली की जग विचारत येते असे मानणाऱ्यांनी या पेढीचे काय ते सांगावे.

उलट टोकाची एक समजूत आपल्याच लोकांत आहे: बाबासाहेबांना कुणाच्या शिफारशीची गरज पडली नाही, आपल्यालाही नको. हे ऐकायला बरे वाटते, पण खरे नाही. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाचे वाचन पाहिले होते. त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, तेव्हा कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या विद्यार्थ्याची ओळख करून दिली. नवल भथेना या पारशी मित्राने अडचणीच्या काळात पैसे दिले. काठ्या घेऊन आलेलेही पारशी आणि हा मित्रही पारशी, हे विसरू नये. १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' ला प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. तिच्यात आपले मतभेद नोंदवूनही ते लेखनाच्या ताजेपणाची दाद देतात. आजच्या भाषेत हे सगळे 'रेकमेंडेशन' च. फरक इतकाच की केळुसकर, सेलिग्मन आणि कॅनन यांनी आधी काम पाहिले आणि मग शब्द दिला. एका क्लिकवर वाटली जाणारी कौशल्याची प्रमाणपत्रे त्यांच्यापुढे फारच पोकळ दिसतात.

त्याच ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली ओळ आहे: मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील अर्थशास्त्राचे माजी प्राध्यापक. स्वतःचे काम नावाखाली छापण्यात बाबासाहेबांना संकोच वाटला नाही. आमच्या मुलांना मात्र वाटतो.

बॅरिस्टर झाल्यावरही तोच अनुभव. हायकोर्टातली मोठी कामे सॉलिसिटरमार्फत यायची आणि सॉलिसिटर आपल्या माणसांना कामे द्यायचे. बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांना मिळकतीला हातभार लावावा लागला. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून झालेल्या खटल्यात जेधे-जवळकर यांची बाजू त्यांनी लढवली आणि जिंकली, तेव्हा वकील म्हणून नाव झाले. हे नाव ब्राह्मणेतर चळवळीच्या खटल्यातून झाले, बार लायब्ररीतल्या ओळखींतून नव्हे.

'ते जुने झाले, आता कोण जात बघतो?' असे विचारणाऱ्यांसाठी दोन अभ्यास पुरेत. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, नावे तेवढी वेगळी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. २०१२ मध्ये देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळे तपासली गेली, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक संचालक उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला मार्क ग्रॅनोव्हेटर शिकवतात: नोकरी जवळच्या नातलगापेक्षा लांबच्या ओळखीतून मिळते. बरोबर आहे. पण जिथे लग्न, मोहल्ला आणि जेवणाचे ताटसुद्धा जातीने ठरते, तिथे लांबची ओळखही जातीच्या कुंपणाआतच लांब जाते. रेफरलने भरती करणारी कंपनी आरक्षणाशिवाय आरक्षण चालवते, फक्त त्याला कोटा म्हणत नाही.

म्हणून आडनाव गाळून पहिले नाव आणि गावाचे नाव लावणाऱ्या, प्रोफाइलवरचा निळा रंग पुसणाऱ्या मित्रांना आम्ही दोष देत नाही. पोटाचा प्रश्न आहे. पण बडोद्याची वही आठवा. नाव लपले तरी कॉलेज, गाव, सामाईक ओळखी आणि १४ एप्रिलचा जुना फोटो बोलतोच. शिवाय लपण्याची एक किंमत कुणी मोजत नाही. तुम्ही रिक्रूटरपासून लपता तेव्हा मदत करू शकणाऱ्या आपल्या माणसांपासूनही लपता. त्याच कंपनीत वरच्या पदावर बसलेली आपली एखादी ताई तुम्हाला ओळखणार कशी?

आणि कामाचे काय? जयंती समितीचा दोन लाखांचा हिशेब पैन् पै ठेवणारा, वस्तीतल्या चाळीस मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारा, माहिती अधिकारात अर्ज टाकून समाजकल्याणचा अडकलेला निधी सोडवणारा मुलगा प्रोफाइलवर 'फ्रेशर' लिहितो. कॉलेजच्या गॅदरिंगला खुर्च्या लावणारा दुसरा मुलगा 'इव्हेंट मॅनेजमेंट' लिहितो. पहिल्याने आपले काम का लिहू नये? हिशेब हे वित्त व्यवस्थापनच आहे.

मात्र इथे आम्ही आपल्याच काही लोकांवरही बोट ठेवणार. चळवळीचा फोटो लावून स्वतःचे दुकान थाटणारे 'आंबेडकरी इन्फ्लुएन्सर' वाढत आहेत. बाबासाहेबांचा नमुना उलटा आहे. ३१ जानेवारी १९२० ला निघालेल्या 'मूकनायक' वर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' ने नकार दिला. बहिष्कृत हितकारिणी सभा, पीपल्स एज्युकेशन सोसायटी, सिद्धार्थ कॉलेज, मिलिंद महाविद्यालय यांपैकी एकालाही त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. स्वतःच्या पदव्या छापणारा माणूस संस्थेला बुद्धाच्या परंपरेतले नाव देतो, यातला भेद कळल्याशिवाय 'ब्रँड' हा शब्द आपल्या तोंडी शोभत नाही.

राहता राहिले नोकरीत स्थिरावलेले आपले दादा आणि ताई. अनोळखी धाकट्या भावाची कनेक्शन रिक्वेस्ट 'उगाच जातवाले गोळा होतात' म्हणून तुम्ही महिनोन्महिने तशीच ठेवता, हे आम्हाला ठाऊक आहे. ती स्वीकारा. पण लगेच शिफारस लिहू नका. त्याला एक छोटे काम द्या, त्याचा रिपोर्ट वाचा, चुका दाखवा, पुन्हा लिहायला लावा. मग जे पाहिले तेवढेच आणि तसेच लिहा. कॅनन यांच्यासारखे मतभेद असतील तर तेही लिहा.