‘हे यंत्र बंद करू नये’: आपला डेटा कोणाच्या ताब्यात, या प्रश्नाचा इतिहास

१/ १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत एक काळा, घनाकृती संगणक टेबलावर ठेवलेला होता. त्यावर लाल शाईने हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, असा तिचा आशय होता. वर्ल्ड वाइड वेबचा जगातील पहिला सर्व्हर तोच. तो बंद पडला असता, तर त्या दिवशी अख्खे वेब बंद पडले असते.

२/ पुढे सर्व्हर कोट्यवधी झाले आणि त्या चिठ्ठीची गरज संपली. तिच्यामागचा प्रश्न मात्र संपला नाही. माणसाची पत्रे, छायाचित्रे, लेखन हे सारे दुसऱ्याच्या यंत्रावर असेल, तर ते यंत्र चालू ठेवायचे की बंद करायचे, हे ठरवणार कोण? विकेंद्रित साठवणीचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास होय.

३/ त्याची मुळे शीतयुद्धात सापडतात. अमेरिकेतील रँड संस्थेचे अभियंते पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये संदेशवहनाच्या तीन रचना आकृत्यांसह मांडल्या. पहिलीत सर्व तारा एकाच केंद्राला जोडलेल्या, दुसरीत अनेक उपकेंद्रे, आणि तिसरीत मासेमारीच्या जाळ्यासारखी वीण. जाळ्याच्या काही गाठी तुटल्या, तरी संदेश दुसऱ्या वाटेने पोहोचू शकतो, हे त्यांचे प्रतिपादन होते.

४/ २९ ऑक्टोबर १९६९ रोजी ‘अर्पानेट’वर पहिला संदेश गेला. अर्पानेट अणुहल्ल्यातून वाचण्यासाठी बांधले, हा लोकप्रिय समज बरोबर नाही. दूरदूरच्या संशोधकांना एकमेकांचे संगणक वापरता यावेत, हा त्याचा हेतू होता. तथापि संदेशाचे तुकडे करून ते जाळ्यातून स्वतंत्रपणे पाठवण्याची जी पद्धत त्याने स्वीकारली, तिचा बॅरन यांनी आधीच पुरस्कार केला होता. इंटरनेटच्या वाटा अशा जन्मतःच विकेंद्रित झाल्या.

५/ वाटा विकेंद्रित झाल्या, कोठारे मात्र झाली नाहीत. टिम बर्नर्स-ली यांचा पहिला ब्राउझर पाने वाचण्याबरोबरच लिहिण्याचेही साधन होता. वाचणारा तोच लिहिणारा, आणि ज्याचे लेखन त्याचा सर्व्हर, असे ते चित्र होते. पण स्वतःचा सर्व्हर म्हणजे अखंड वीज, अखंड जोडणी आणि रोजची देखभाल. सामान्य माणसाला हे झेपणारे नव्हते. ‘जागा आम्ही देतो, तीही फुकट’ असे म्हणणाऱ्या कंपन्यांचा काळ येथून सुरू झाला.

६/ १९९४ मध्ये सुरू झालेली ‘जिओसिटीज’ ही त्यांतील अग्रगण्य सेवा. लक्षावधी लोकांनी तेथे घरगुती पाने थाटली. १९९९ मध्ये ती ‘याहू’ने विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने अखेरच्या महिन्यांत जमेल तेवढी पाने उतरवून घेतली. पाने लिहिणाऱ्यांचे मत या निर्णयात कोणी विचारले नव्हते.

७/ भारतीयांच्या एका पिढीने हाच अनुभव ‘ऑर्कुट’वर घेतला. २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा ब्राझील आणि भारत या दोन देशांत विशेष रुजली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ती बंद केली. आपला मजकूर उतरवून घेण्यासाठी मुदत देण्यात आली होती. पण ज्यांना ती कळलीच नाही, त्यांच्या महाविद्यालयीन वर्षांतील ‘स्क्रॅप’ कायमचे गेले.

८/ दरम्यान एक वेगळी वाट उघडली होती. जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या महाविद्यालयीन वयाच्या तरुणाची ‘नॅप्स्टर’ ही प्रणाली आली. तिच्यात गाणी कंपनीकडे नव्हती, ती वापरकर्त्यांच्याच संगणकांवर होती. कोणते गाणे कोणाकडे आहे, याची सूची तेवढी कंपनीच्या सर्व्हरवर असे. कोठार विखुरलेले, पण खातेवही एकच. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी खटला भरला, न्यायालयाचा आदेश त्या खातेवहीवर आला आणि जुलै २००१ मध्ये सेवा थांबली.

९/ अभियंत्यांनी यातून धडा घेतला, की खातेवहीही एका ठिकाणी असता कामा नये. मार्च २००० मध्ये आलेल्या ‘ग्नुटेला’ने केंद्र पूर्णपणे काढून टाकले. प्रत्येक संगणक शेजाऱ्याला विचारी, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. त्याच सुमारास एडिंबरा विद्यापीठातील इयान क्लार्क यांच्या प्रबंधातून ‘फ्रीनेट’ आकाराला आले. त्यात तर आपल्या यंत्रावर नेमकी कोणाची कोणती माहिती साठली आहे, हे यंत्राच्या मालकालाही कळू नये, अशी योजना होती.

१०/ केंद्र गेले, पण मनुष्यस्वभाव गेला नाही. २००० मध्येच झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेतील एतान आदर आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी ग्नुटेलाची पाहणी केली. सुमारे ७० टक्के वापरकर्ते स्वतः एकही फाइल देत नव्हते, असे त्यांना आढळले. देणाऱ्यांपैकीही वरचा १ टक्का जवळजवळ निम्म्या मागण्या भागवत होता. समानतेच्या जाळ्यात पुन्हा मूठभर दाते आणि बहुसंख्य याचक तयार झाले होते.

११/ जुलै २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी आणलेल्या ‘बिटटोरंट’ने यावर उपाय शोधला. फाइलचे लहान तुकडे करायचे, आणि जो आपल्याकडचे तुकडे देतो त्याला प्राधान्याने तुकडे द्यायचे. गावाकडच्या इर्जिकीचाच हा न्याय: आज तू माझ्या शेतावर ये, उद्या मी तुझ्या. विशेष म्हणजे ‘जिओसिटीज’चा वाचवलेला ठेवा आर्काइव्ह टीमने २०१० मध्ये याच मार्गाने जगाला दिला. सहाशे गीगाबाइटहून मोठा तो संग्रह आता कोणा एकाच्या सर्व्हरवर अवलंबून राहिला नाही.

१२/ अनोळखी माणसाकडून आलेला तुकडा खरा कशावरून? याचे उत्तर गणितात होते. कोणत्याही मजकुरावर ‘हॅश’ ही प्रक्रिया केली, की ठरावीक लांबीची एक संख्या मिळते. मजकुरात एक काना जरी बदलला, तरी ती संख्या संपूर्ण बदलते. हा मजकुराच्या बोटाचा ठसाच म्हणावा. राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये असे ठसे झाडाच्या फांद्यांसारखे एकमेकांत गुंफण्याची रीत मांडली. त्यामुळे एका मुळाच्या ठशावरून हजारो तुकड्यांची शहानिशा करता येते.

१३/ या सर्व धाग्यांची वीण हुआन बेनेट यांच्या ‘आयपीएफएस’मध्ये झाली. त्याचा आराखडा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वेबवरील नेहमीचा पत्ता ‘कोठे’ हे सांगतो: अमक्या सर्व्हरवरील तमकी फाइल. आयपीएफएसमध्ये पत्ता ‘काय’ हे सांगतो: अमुक ठशाचा मजकूर, मग तो कोणाकडेही असो. एकाने यंत्र बंद केले, तरी दुसऱ्याकडे प्रत असेपर्यंत तोच पत्ता चालतो.

१४/ या कल्पनेची कसोटी लवकरच लागली. २९ एप्रिल २०१७ रोजी तुर्कस्तानने विकिपीडियावर बंदी घातली. काही दिवसांतच आयपीएफएसच्या चमूने तुर्की विकिपीडियाची एक प्रत या जाळ्यावर ठेवली. मूळ बंदी पुढे जवळजवळ तीन वर्षे टिकली. तेथील घटनात्मक न्यायालयाने ती मतस्वातंत्र्याचा भंग ठरवल्यानंतर १५ जानेवारी २०२० रोजी विकिपीडिया पुन्हा खुला झाला.

१५/ दुसरा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी कॅटालोनियात स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत घेण्यात आले. स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने ते आधीच स्थगित केले होते, आणि सार्वमताची संकेतस्थळे एकामागून एक बंद केली जात होती. तेव्हा आयोजकांनी ‘तुमचे मतदानकेंद्र कोठे’ हे सांगणारे पान आयपीएफएसवर ठेवले. एक दार बंद केले, तर तेच पान दुसऱ्या दाराने उघडत होते.

१६/ परंतु मतदाराला आपले केंद्र सापडावे, यासाठी मतदारांची माहितीही त्या पानासोबत सांकेतिक रूपात वाटली गेली होती. ती उलगडण्याची किल्ली होती ओळखपत्राचे शेवटचे काही अंक, जन्मतारीख आणि पिनकोड. अशा मोजक्या शक्यता संगणकाला एकेक करून तपासता येतात आणि कुलूप फोडता येते, हे सुरक्षा-अभ्यासकांनी लवकरच दाखवून दिले. एरवी अशी चूक उघडकीस आली, की सर्व्हर बंद करून फाइल मागे घेतात. येथे मागे घेण्यासाठी सर्व्हरच नव्हता.

१७/ या इतिहासाचा मर्मबिंदू येथेच आहे. मजकूर कोणालाही नष्ट करता येऊ नये, हे सामर्थ्य सरकारी बंदीपुढे ढाल ठरते. तेच सामर्थ्य खासगी माहितीच्या बाबतीत शाप ठरते, कारण मग ती ज्याची आहे त्यालाही नष्ट करता येत नाही. माहिती टिकणे आणि माहितीवर ताबा असणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ताब्यात देण्याचा अधिकार येतो, तसा नाकारण्याचा आणि पुसण्याचाही येतो.

१८/ ताब्याचा प्रश्न दुसऱ्या प्रवाहाने हाताळला. फेब्रुवारी २०१० मध्ये कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी न्यूयॉर्कमधील व्याख्यानात सुचवले, की प्रत्येकाच्या घरी स्वतःचा छोटा सर्व्हर असावा. त्यातून स्फूर्ती घेऊन न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी ‘डायस्पोरा’ हे सामाजिक जाळे आखले. त्यांना १० हजार डॉलर हवे होते, लोकांनी वर्गणीतून २ लाखांहून अधिक दिले. फेसबुकवरील अविश्वास किती खोल होता, हे त्या आकड्यावरून कळते.

१९/ डायस्पोरात अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी बोलतात आणि वापरकर्ता आपल्या विश्वासाचा सर्व्हर निवडतो. ऑगस्ट २०१४ मध्ये ट्विटरवरून हुसकावलेल्या आयसिसच्या समर्थकांनी याच रचनेचा आश्रय घेतला. प्रकल्पाच्या चालकांना त्यांचा मजकूर केंद्रातून हटवता येईना, कारण केंद्रच नव्हते. अखेर एकेका सर्व्हरच्या चालकांशी संपर्क साधून तो काढावा लागला. सत्ता वाटली की जबाबदारीही वाटली जाते, आणि ती उचलणारी माणसे प्रत्येक ठिकाणी असावी लागतात.

२०/ मार्च २०१८ मध्ये ‘केंब्रिज अॅनालिटिका’ प्रकरण उघड झाले. फेसबुकच्या सुमारे ८ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती राजकीय प्रचारासाठी काम करणाऱ्या एका संस्थेपर्यंत पोहोचली असल्याचे पुढे आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खुद्द टिम बर्नर्स-ली यांनी ‘इनरप्ट’ ही कंपनी जाहीर केली. एमआयटीमध्ये त्यांनी विकसित केलेल्या ‘सॉलिड’ या रचनेचा प्रसार करणे, हे तिचे उद्दिष्ट.

२१/ सॉलिडमध्ये प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या ‘पॉड’मध्ये, म्हणजे खासगी कोठारात राहते. हे कोठार घरच्या संगणकावर ठेवता येते किंवा विश्वासाच्या संस्थेकडे. अॅपने येऊन परवानगी मागायची. मालकाने हवे तेवढेच दालन उघडायचे आणि नकोसे झाले की पुन्हा कुलूप लावायचे. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांताने या मार्गाने पाऊल टाकत २०२३ मध्ये ‘अथुमी’ ही सार्वजनिक कंपनी उभी केली. पण एकदा दालन उघडल्यावर अॅपने आतल्या कागदाची नक्कल करून घेतली, तर तंत्रज्ञान ती परत आणू शकत नाही.

२२/ ती परत आणण्याची सक्ती फक्त कायदा करू शकतो. युरोपीय संघाचा ‘जीडीपीआर’ २५ मे २०१८ पासून लागू झाला. आपली माहिती पुसून घेण्याचा आणि ती उचलून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा, असे दोन्ही अधिकार त्यात आहेत. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करण्याचा व पुसण्याचा हक्क आला. माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता, अंतिम कायद्यात मात्र तो राहिला नाही.

२३/ एक अडचण तरीही उरते. ज्या व्यवस्थेत किल्ली केवळ मालकाकडे असते, तेथे ती हरवली तर दाद मागायला खिडकी नसते. पासवर्ड विसरल्यावर नवा पाठवणारी कंपनी ही पहारेकरी असते, तशी आधारही असते. म्हणूनच बहुतेक लोक स्वतःच्या कोठाराऐवजी आजही मोठ्या कंपन्यांचे कोठार पसंत करतात. त्याला केवळ आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल; १९९० च्या दशकात स्वतःचा सर्व्हर न झेपलेल्या माणसाचीच ही अडचण आहे.

२४/ सर्नमधील त्या चिठ्ठीमागे एका माणसाची काळजी होती. यंत्रापाशी तोच होता, त्यातील पाने त्याची होती, आणि बंद करू नये असे सांगण्याचा हक्कही त्याचाच होता. आज ही तिन्ही नाती बहुधा तीन वेगवेगळ्या ठिकाणी असतात. ती पुन्हा एकत्र आणण्याचे काम अर्धवट राहिलेले आहे. ते पूर्ण होईपर्यंत ज्या लेखनावर, ज्या छायाचित्रांवर जीव आहे, त्यांची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, एवढे तरी जिओसिटीज आणि ऑर्कुट शिकवून गेले आहेत.