मेजावरील रणांगण

१९७८ सालीं जपानांत ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ निघाला व कॉफीगृहांतील मेजांच्या पोटांत त्याचे पडदे बसले. १९९१ सालीं ‘स्ट्रीट फायटर टू’ आला. प्रत्येकाला एक दांडा व सहा बटणें घेऊन दोन अनोळखी माणसें शेजारीं शेजारीं झुंजूं लागलीं. पुढें अनेक यंत्रें भंगारांत गेलीं. १९९७ सालीं निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थांनीं ‘मेम’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्यामुळें जुने खेळ संगणकावर जिवंत राहिले. आतां हौशी मनुष्य प्लायवुडची पेटी करून, तींत लहानसा संगणक बसवून, तें यंत्र घरींच मेजावर उभें करतो. खेळ नुसत्या संगणकावरहि चालतो. मग ही सुतारकी कशाला? ग्रंथ जपला म्हणजे वाचनालय जपलें, असें होत नाहीं. प्रतिस्पर्ध्याच्या कोपराला आपला कोपर लागावा, एवढ्यासाठींच ही पेटी!