सीमा ओलांडणारा आकडा

धुळ्याहून नाशिकमार्गे ठाण्याला येणाऱ्या रस्त्याला आपण आग्रा रोड म्हणतो. सरकारी कागदांत तो बरीच वर्षं राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. २०१० मध्ये देशातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि तो आकडा गेला. लोकांच्या तोंडचा आग्रा रोड मात्र राहिला. याच रस्त्याला तिसरंही एक नाव आहे, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं : आशियाई महामार्ग क्रमांक ४७. आता उद्या एखादा संपादक ज्ञानकोश करायला बसला, तर या ‘४७’ला त्याने स्वतंत्र नोंद द्यावी का?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण कोशातली नोंद ही एक ग्वाही असते. ‘ही गोष्ट जगात आहे आणि ती जाणून घेण्याजोगी आहे,’ असं कोशकार वाचकाला सांगत असतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी २३ खंडांचा ज्ञानकोश काढला, तेव्हा कागद आणि पैसा दोन्हींची ओढाताण होती. आज संगणकावरच्या कोशाला पानांची मर्यादा नाही. वाचकाच्या विश्वासाला मात्र मर्यादा असतेच. म्हणून काय घ्यावं आणि काय गाळावं, हा प्रश्न काही सुटलेला नाही.

रस्त्यांना आंतरराष्ट्रीय क्रमांक देण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात रुजली. देश उद्ध्वस्त झाले होते, पूल पडले होते. १९५० मध्ये जिनिव्हाला एक जाहीरनामा झाला आणि देशोदेशींच्या मुख्य रस्त्यांना ‘ई’ अक्षराचे क्रमांक मिळाले. पुढे १९७५ च्या कराराने ती यादी नव्याने बांधली. गंमत अशी, की युरोपातल्या अनेक देशांत हे आकडे हिरव्या पाट्यांवर ठळक दिसतात, तर ब्रिटनमध्ये क्रमांक दिलेले असूनही रस्त्यावर त्यांची पाटी लावत नाहीत.

आशियात हे काम संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाने १९५९ मध्ये हाती घेतलं. करारावर सह्या व्हायला २००४ साल उजाडलं. शांघायला सह्या झाल्या आणि जुलै २००५ पासून करार लागू झाला. या जाळ्यात आज ३२ देश आहेत. त्यातला क्रमांक १ चा रस्ता तोक्योहून निघून तुर्कस्तान-बल्गेरियाच्या सीमेपर्यंत जातो. लांबी २०,००० किलोमीटरांहून अधिक. तो म्यानमारमधून मणिपूरमध्ये मोरेहला भारतात शिरतो, ईशान्येकडून बांगलादेशात उतरतो, पुन्हा कोलकात्याला येतो आणि दिल्लीवरून अटारीला भारत सोडतो.

माझं पहिलं मत असं होतं, की याला स्वतंत्र नोंद देऊ नये. कोलकात्यापासून पेशावरपर्यंतचा यातला बराचसा भाग म्हणजे शेरशहा सूरीचा रस्ता, आपला ग्रँड ट्रंक रोड. त्याची नोंद कोशात असतेच. खैबर खिंडीचीही असते. मग निरनिराळ्या रस्त्यांना एका दोऱ्यात ओवून त्यावर आकडा चिकटवला, तर नवं काय झालं? शिवाय दोराही सलग नाही. जपान आणि कोरिया यांच्यामध्ये समुद्र आहे. दक्षिण आणि उत्तर कोरियाच्या सीमेवर तर वाहतूकच बंद. २००४ च्या करारात क्रमांक आहेत, रस्त्याच्या रुंदीचे निकष आहेत, पाट्यांचे नमुने आहेत. एका देशाची गाडी दुसऱ्या देशात हक्काने जाईल, अशी तरतूद मात्र त्यात नाही.

पण इतिहास पाहिल्यावर हे मत बदलावं लागलं. एप्रिल १९५७ मध्ये लंडनहून एक बस उतारू घेऊन निघाली आणि तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान ओलांडून जूनमध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेव्हा आशियाई महामार्गाचा आकडा जन्मालाही आला नव्हता. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीला सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि युरोपातून भारतात येणारी खुष्कीची वाट जवळजवळ बंद पडली. फेब्रुवारी १९९९ मध्ये पंतप्रधान वाजपेयी बसने वाघा ओलांडून लाहोरला गेले. ती दिल्ली-लाहोर बस संसदेवरच्या हल्ल्यानंतर थांबली, २००३ मध्ये पुन्हा धावली आणि २०१९ मध्ये बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने अटारीची तपासणी चौकी बंद केली.

या सगळ्या काळात डांबर तेच होतं. रस्ता कधी होता, कधी नव्हता, ते ठरलं फाटकापाशी. ही गोष्ट ग्रँड ट्रंक रोडच्या नोंदीत मावत नाही आणि खैबरच्याही नाही. ती सांगायला क्रमांक १ ची स्वतंत्र नोंद हवी. त्या नोंदीत किलोमीटरांइतकीच नेमकी माहिती फाटकांची हवी : कोणती सीमा, कोणत्या साली उघडी, कोणत्या साली बंद आणि का.

मग आपला ‘४७’? तो ग्वाल्हेरहून धुळे, ठाणे, मुंबईवरून बंगळुरूला जातो, म्हणजे भारतातल्या भारतात. दक्षिण आशियासाठी ४० ते ५९ हे आकडे राखून ठेवले, त्यातला एक त्याच्या वाट्याला आला, इतकंच. नाव आंतरराष्ट्रीय, पण वाटेत सीमा एकही नाही. त्या आकड्यामुळे इथे काही घडलं, असं मला आढळलं नाही. त्याला आशियाई महामार्गांच्या सर्वसाधारण लेखात एक ओळ पुरे. स्वतंत्र नोंद द्यायचीच, तर ती आग्रा रोडला द्यावी. धुळे-नाशिकच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं नाव तेच आहे.