तळटीप : व्हिलेज व्हॅनगार्डमधली रात्र

* ‘ती तबकडी’ म्हणजे जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांची ‘अ नाइट ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’. न्यू यॉर्कच्या त्या तळघरातल्या क्लबात ३ नोव्हेंबर १९५७ रोजी हे वादन श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाले. टेनर सॅक्सोफोनच्या साथीला फक्त बास आणि ड्रम, पियानो नाहीच. त्यामुळे स्वरांना मागून आधार देणारे कोणी उरत नाही, सगळा भार एका फुंकेवर. आदिलाबादच्या वाचकाने गोंडांच्या दंडारी नाचातले पेपरे हे फुंकवाद्य आठवावे : तिथेही फुंकेचा सूर थेट ढोलावर उभा असतो. (साम्य एवढ्यापुरतेच.) ऐकताना आधी एल्विन जोन्स यांच्या ड्रमकडे कान द्यावा, रोलिन्स कुठे थबकतात आणि का, ते तिथे उमगते. १९७८च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात रोलिन्स मुंबईतही वाजवून गेले. – संपा.