हिमस्खलन सुरक्षा

हिमस्खलन सुरक्षा म्हणजे हिमाच्छादित पर्वतांत फिरणारे पदभ्रमक, स्कीपटू व स्नोशू घालून चालणारे प्रवासी यांनी हिमस्खलनाचा धोका टाळण्यासाठी आणि अपघात झाल्यास सहकाऱ्याची सुटका करण्यासाठी योजावयाचे उपाय होत. अशा प्रवाशांच्या बहुसंख्य प्राणघातक अपघातांत हिमस्खलन त्यांच्याच किंवा गटातील अन्य कोणाच्या भारामुळे सुरू झालेले असते. म्हणून मार्ग व वेळ यांच्या निवडीला बचावकार्यापेक्षा अधिक महत्त्व आहे.

कारणे व लक्षणे

बर्फाचा घट्ट थर खालच्या कमकुवत थरावरून सुटून संपूर्ण पट्ट्याने घसरतो, तेव्हा सर्वांत घातक हिमस्खलन होते. असे प्रकार प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर घडतात. उताराच्या पायथ्याशी सपाटीवर चालणाऱ्याच्या भारानेही वरचा थर सुटू शकतो. आसपास नुकतीच झालेली हिमस्खलने, पावलाखाली बर्फ खचल्याचा धप्प आवाज, बर्फात धावत जाणारे तडे, मोठी हिमवृष्टी, वाऱ्याने साचलेला बर्फ आणि तापमानातील झपाट्याची वाढ ही धोक्याची लक्षणे होत.

प्रवासातील दक्षता

निघण्यापूर्वी स्थानिक हिमस्खलन अंदाज पाहिला जातो. युरोप व उत्तर अमेरिकेत धोक्याच्या पाच पातळ्या वापरतात. तिसऱ्या पातळीचा धोकाही गंभीर असतो. तो मध्यम समजून दुर्लक्षिणे घातक ठरते. संशयास्पद उतार टाळणे शक्य नसल्यास तो एकेकाने ओलांडावा व इतरांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवावे. घळी व कड्यांच्या वरचे उतार टाळावेत, कारण तेथे लहान हिमस्खलनही माणसाला खोल गाडू शकते किंवा कड्यावरून खाली ढकलू शकते.

साधने व बचाव

प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झ वारंवारतेचा ट्रान्सीव्हर, घडीचा शोधदांडा व फावडे असणे आवश्यक मानले जाते. यांपैकी एक जरी नसले, तरी उरलेल्यांचा उपयोग फारच मर्यादित होतो. पूर्णपणे गाडली गेलेली व्यक्ती पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढल्यास जगण्याचे प्रमाण सुमारे ९० टक्के असते. अर्ध्या तासानंतर ते सुमारे एक-तृतीयांशावर येते. मृत्यूचे प्रमुख कारण गुदमरणे हे असते. बाहेरील मदत बहुधा या अवधीत पोहोचत नसल्याने सुटका सोबत्यांनाच करावी लागते. व्यक्ती शेवटची दिसलेली जागा लक्षात ठेवून तिच्याखालील भागात शोध घेतात. शोधदांड्याने ठिकाण निश्चित झाल्यावर उताराच्या खालच्या बाजूने खणतात आणि प्रथम तोंड व छाती मोकळी करतात.

भारतातील स्थिती

हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी मनाली येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था २०२० मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या (डीआरडीओ) चंडीगड येथील भूमाहिती संशोधन आस्थापनेत विलीन झाली. ही आस्थापना हिमालयीन प्रदेशांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. काश्मीरमधील गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे ८ फेब्रुवारी २०१० रोजी १७ सैनिक हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा येथे प्रशिक्षणार्थी गिर्यारोहकांचा गट हिमस्खलनात सापडला. त्यात २७ मृतदेह हाती लागले. हा अपघात हिवाळ्यापूर्वीचा असल्याने उंच पर्वतांत हा धोका हिवाळ्यापुरता मर्यादित नसल्याचे दिसते.