धुळीतून आलेली गाणी

१४ एप्रिल १९३५, रविवार. अमेरिकेत टेक्सासमधल्या पॅम्पा गावावर धुळीची काळीकुट्ट भिंत चालून आली. लोकांना वाटलं, संपलं जग! तिथेच होता २२ वर्षांचा गायक वुडी गथ्री.

मी याला नुसता दुष्काळ समजायचो. पण प्रेअरीचं माती धरून ठेवणारं गवत गव्हासाठी नांगरून टाकलं होतं. पाऊस हटला आणि उघडी माती उडाली. कितीतरी कुटुंबं घरदार सोडून कॅलिफोर्नियाला निघाली. वुडीही गेला.

१९४० मध्ये त्याचा 'डस्ट बोल बॅलड्स' हा अल्बम आला. किती जमीन गेली, ते अहवालांत सापडतं. शेजाऱ्यांचा निरोप घेताना माणसांचं काय झालं, ते या गाण्यांत. माझ्यासाठी हाही इतिहासच. एकदा ऐकाच!