नवापूर : शहराचे शेवटचे टोक



'नवापूर' हे नाव घेतले की आपणापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नंदुरबार जिल्ह्यातील तालुक्याचे गाव उभे राहील. ज्याच्या रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे, ते. मला त्या नवापुराविषयी बोलावयाचे नाही. माझे नवापूर पालघर जिल्ह्यात आहे. बोईसर स्थानकावर उतरावे, पश्चिमेची वाट धरावी, आणि रस्ता संपून जेथे वाळू लागते तेथे थांबावे; तेच नवापूर. सुरूची झाडे, मच्छीमारांची वस्ती, अलीकडे-पलीकडे दांडी, उच्छेळी, आलेवाडी, नांदगाव, मुरबे अशी गावे. रविवारी बोईसरची मंडळी येथे हवा खावयास येतात आणि सूर्य बुडाला की परत जातात.

विषय 'शहरातील राहणी' असा, आणि वक्ता एका खेड्याचे नाव घेऊन उभा, हे आपणास चमत्कारिक वाटेल. पण शहर कसे आहे हे मला त्याच्या हमरस्त्यावरून कधी नीट कळलेले नाही. त्याचे पाणी कोठून येते आणि वापरून झाल्यावर कोठे जाते, हे विचारले की पुष्कळसे कळते. बोईसर-तारापूरचे पाणी सूर्या नदीतून, डोंगरातल्या आदिवासी मुलखातून येते. कारखान्यांतून निघालेले पाणी नवापूरला समुद्रात जाते. ह्या दोन टोकांच्या मध्ये जे वसले आहे ते शहर. म्हणून त्याचा इतिहास शेवटच्या टोकाकडून सांगण्याचे मी योजिले आहे.

हा किनारा आज आपणास आडबाजूचा वाटतो. तो तसा नव्हता. तारापूरच्या शेजारी चिंचणी म्हणून गाव आहे. तेथे गेल्या शतकाच्या मध्यास काही ताम्रपट सापडले. त्यांतील एक शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र ह्याच्या काळातला आहे. त्यात संजाण प्रांताचा कारभार पाहणारा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी येतो. त्याचे नाव मधुमती असे संस्कृत करून घातले आहे. विद्वान मंडळी त्यात 'मुहम्मद' ओळखतात. मौज नावाची आहेच, पण मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. ह्या माणसाने दोन प्रवाहांवर फुकट तरी चालू केली आणि एक अन्नछत्र घातले, तेथे भात, कालवण आणि तूप मिळे, अशी त्याची कीर्ती ताम्रपटात कोरली आहे. अकराशे वर्षांपूर्वी ह्या किनाऱ्यावर चांगल्या कारभाराची खूण काय मानीत? खाडी ओलांडण्याची सोय आणि परक्याच्या पोटाला अन्न. हे माप लक्षात ठेवावे, पुढे ते उपयोगी पडेल.

त्या काळी आणि त्यानंतरही कित्येक शतके येथील वस्ती खाडीच्या मुखाशी असे. डहाणू, तारापूर, सातपाटी, माहीम, केळवे, सारी समुद्राकडे तोंड करून बसलेली. पोर्तुगीजांनी किल्ले बांधले तेही ह्याच ओळीत. जानेवारी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर एकामागून एक मराठ्यांनी घेतले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडला. वसईच्या विजयाच्या कथा आपण आवडीने ऐकतो. तारापूरचा तट मात्र त्या कथेत ओझरता येतो. पुढे ह्याच तारापुरातून विकाजी मेहेरजींचे पारशी घराणे हैदराबादेपर्यंत जाऊन सावकारीत नावाजले. म्हणजे खाडीच्या तोंडावरचे गाव तेव्हा जगाला जोडलेले होते.

त्याला जगापासून तोडले ते आगगाडीने. वाचून नवल वाटेल, पण खरे आहे. 1864 साली मुंबई आणि सुरत रुळांनी जोडली गेली. रूळ घालणाऱ्यांस खाड्या नको होत्या, म्हणून लोहमार्ग किनाऱ्यापासून कित्येक मैल आत नेला. ह्या मार्गावर 'केळवे रोड', 'डहाणू रोड' अशी नावे आपण पाहतो. तो 'रोड' शब्द म्हणजे गाव येथे नाही, येथून रस्ता धरा, अशी कबुली आहे. मुख्य गावे समुद्राकडेच राहिली आणि स्थानकांभोवती नवी पेठ वाढू लागली. माहीम हे तालुक्याचे ठाणे होते. तालुका पुढे पालघरचा झाला. गवत, लाकूड, मासळी, विड्याची पाने मुंबईकडे जाऊ लागली. बोईसर हे तर त्या वेळी गाडी थांबते म्हणून माहीत असलेले ठिकाण. नवापूरच्या माणसाला जगाकडे जावयाचे तर आता होडीत बसून नव्हे, तर समुद्राकडे पाठ करून पूर्वेस चालावे लागे.

एकदा तो मोठ्या संख्येने चालला. 14 ऑगस्ट 1942 रोजी ह्या बाजूच्या गावागावांतून मोर्चे पालघरच्या कचेरीवर गेले. गोळीबार झाला. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मे झाले. पालघरच्या मध्यावर त्यांचा स्तंभ आहे. त्यांतील ठाकूर नांदगावचे, चुरी मुरब्याचे आणि मोरे सालवडचे. ही गावे नवापूरच्या हाकेच्या अंतरावर नसली तरी पायी जाण्याच्या अंतरावर खचित आहेत. सालवड हे नाव आपण पुन्हा ऐकणार आहोत.

स्वातंत्र्यानंतर ह्या शांत पट्ट्यावर दोन मोठ्या गोष्टी येऊन उतरल्या. पहिली अणुशक्ती. 1963 साली अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन अणुभट्ट्या उभारल्या, आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून वीज वाहू लागली. 19 जानेवारी 1970 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांनी केंद्र राष्ट्राला अर्पण केले. भारतातले हे पहिले अणुवीज केंद्र. 1974 च्या पोखरणच्या स्फोटानंतर तारापूरच्या इंधनावरून दिल्ली आणि वॉशिंग्टन ह्यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला, तेव्हा ज्यांनी ठाणे जिल्ह्याचा नकाशा कधी पाहिला नव्हता त्यांच्या तोंडी तारापूर बसले. पुढे आणखी दोन भट्ट्या आल्या, 2005 आणि 2006 साली त्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली.

दुसरी गोष्ट औद्योगिक वसाहत. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबईतली गर्दी बाहेर काढावी, कारखाने मागास भागात न्यावेत, हे धोरण, आणि ते धोरण म्हणून चुकीचे म्हणवत नाही. बोईसरला रेल्वे होती, सूर्येचे पाणी होते, मुंबई शंभर किलोमीटरवर, जमीन स्वस्त. कापड, रंग, रसायने, औषधे, पोलाद असे कारखाने आले. वसाहतीला नाव दिले तारापूरचे. वास्तविक ती तारापुरात नाही. ती सालवड, पास्थळ, कुंभवली, कोळवडे ह्या गावांच्या जमिनींवर आहे. 1942 च्या एका हुतात्म्याचे गाव आज मालाच्या पावत्यांवर कारखान्याचा पत्ता म्हणून छापले जाते.

आता येथे राहणे कसे असते ते सांगतो. बोईसर वाढले, चाळी आल्या, इमारती आल्या, दवाखाने, शाळा, सोन्याची दुकाने आली. पण शहर म्हणून त्याची आखणी कोणी केली नाही. अणुकेंद्राने आपल्या माणसांसाठी झाडांची, रुंद रस्त्यांची नेटकी वसाहत बांधली. महामंडळाने भूखंड आखले. मधल्या माणसांचे काय, हा प्रश्न दशकानुदशके ग्रामपंचायतींच्या अंगावर पडला. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेला कामगार एका खोलीत चारपाच जणांबरोबर राहतो, पाळी बदलली की अंथरुणावरचा माणूस बदलतो. त्याला ह्या किनाऱ्याचे नाव ठाऊक नसते. 2020 च्या टाळेबंदीत हीच माणसे गावी जाणाऱ्या श्रमिक गाड्यांसाठी पालघर स्थानकाकडे निघाली, तेव्हा आपल्यात किती जण राहत होते हे पुष्कळांना प्रथम उमगले. मधुमतीच्या अन्नछत्राची आठवण मला त्या दिवसांत झाली. गावोगावच्या लोकांनी भात-आमटी शिजवून वाटली, हेही नमूद केले पाहिजे.

सकाळी स्थानकावर दुसरेच दृश्य. 16 एप्रिल 2013 पासून चर्चगेटहून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, आणि पासधारकांची एक पिढी येथे रुजली. घर बोईसरला, नोकरी अंधेरीला. त्याची पहाट गाडीच्या वेळापत्रकाने उजाडते. कारखान्यातल्या माणसाची पाळीच्या भोंग्याने. नवापूरच्या मच्छीमाराची मात्र आजही तिथीने, कारण भरती-ओहोटी तिथीप्रमाणे सरकते. ह्या तिघांची वेळ एकमेकांशी जुळत नाही, आणि कित्येकदा हे तिघे एकाच घरात जेवतात. बाप होडीवर, थोरला मुलगा रंगाच्या कारखान्यात, धाकटा गाडीने मुंबईस. म्हणून 'कारखाने हटवा' असे नवापुरात सहजासहजी कोणी म्हणत नाही. ते म्हणणे बाहेरून येणाऱ्यास सोपे जाते. पूर्वीचे नवापूर सुखी होते असेही मी म्हणणार नाही. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवल्या की घरात सुकी मासळी आणि कर्ज एवढेच असे.

परंतु पाण्याचे काय? वसाहतीतले सांडपाणी एकत्र करून त्यावर प्रक्रिया करावयाची आणि मग नळाने नवापूरला समुद्रात सोडावयाचे, अशी योजना. जुन्या सामूहिक प्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला 2.5 कोटी लिटर होती. कारखाने त्याहून अधिक पाणी सोडीत. नळ जुना होऊन ठिकठिकाणी फुटे, आणि पाणी समुद्रापर्यंत न पोचता खाडीत, नाल्यात, शेतात पसरे. ओहोटीला बायका खाडीत उतरून शिंपल्या, चिंबोऱ्या, निवट्या काढीत. ते घरातल्या बाईच्या हातचे उत्पन्न होते, त्याची नोंद कोणत्याही खात्यात नाही. म्हणून ते गेले तेव्हा तेही कोठे नोंदले गेले नाही. खाडीत मेलेल्या माशांचा थर आला की वर्तमानपत्रात छायाचित्र येते. शिंपल्या न मिळालेल्या टोपलीचे छायाचित्र कोण घेणार?

2018 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील शंभर औद्योगिक क्षेत्रे तपासून गुण दिले. तारापूर 93.69 गुणांनी पहिले आले. आमच्याकडे परीक्षेत पहिला येणाऱ्याचा सत्कार करण्याची पद्धत आहे, असो. त्याआधीच, 2016 साली, अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. मांगेला म्हणजे ह्या किनाऱ्यावरचा मासेमार समाज. जानेवारी 2022 मध्ये न्यायाधिकरणाने कारखान्यांनी भरपाई द्यावी असा निकाल दिला. वाद त्यानंतरही मिटला नाही. तथापि एका लहान जातीच्या परिषदेने, आपल्या टोपलीतल्या माशांसाठी, आपल्या तालुक्यातल्या सर्वांत धनवान वसाहतीस उत्तर देण्यास भाग पाडले, ही गोष्ट 1942 च्या मोर्चाच्या पंक्तीस बसवावी अशी माझी शिफारस आहे.

हे दुखणे आपलेच आहे असे नव्हे. 1858 च्या उन्हाळ्यात लंडनला टेम्स नदीची दुर्गंधी इतकी वाढली की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्षारात भिजवावे लागले. तेव्हा कोठे बॅझलगेट नावाच्या अभियंत्यास पैसे मिळाले आणि त्याने ती प्रसिद्ध गटारे बांधली. लंडन स्वच्छ झाले. गटारांची तोंडे शहराच्या पूर्वेस, बेक्टन आणि क्रॉसनेस येथे काढली होती. 1878 च्या सप्टेंबरात 'प्रिन्सेस ॲलिस' नावाची प्रवासी बोट त्या तोंडांजवळच बुडाली, सहाशेंवर माणसे दगावली, आणि नुकत्याच सोडलेल्या घाणीत ती पडली होती हे चौकशीत निघाले. त्यानंतर लंडनने गाळ वेगळा काढून नेण्याचे मनावर घेतले. बॅझलगेटचा पुतळा टेम्सकाठी आहे. बेक्टन कोठे आहे हे लंडनच्या इतिहासाच्या वाचकालाही नकाशात शोधावे लागते. आमचे बेक्टन म्हणजे नवापूर.

आता नवे, मोठे प्रक्रिया केंद्र आणि समुद्रात अधिक आत जाणारा नवा नळ हा उपाय योजिला आहे. प्रवाह खोल पाण्यात गेला की विरळ होईल, असा अभियंत्यांचा हिशेब. तो शास्त्रास धरून आहे. गेल्या हिवाळ्यात नवापूरच्या वाळूत जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका म्हाताऱ्यास मी विचारले, "बाबा, नळ लांब गेला म्हणजे बरे होईल ना?" त्याने सुई थांबवली नाही. म्हणाला, "मास्तर, किनाऱ्याला मासा राहिला नाही म्हणून आम्ही जाळं आत नेलं. आता नळ पण आत चालला."

2023 साली पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. येथून थोडे दक्षिणेस असलेले सातपाटी पापलेटासाठी नावाजलेले. उत्तरेस डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. म्हणजे किनाऱ्याकडे पाठ फिरवलेले जग दीडशे वर्षांनी पुन्हा समुद्राकडे वळते आहे, ह्या वेळी फार मोठी जहाजे घेऊन. त्या नकाशांत नवापूर एका लहान ठिपक्याएवढे आहे. मी गेलो त्या संध्याकाळी ओहोटी होती. दोघी बायका टोपल्या घेऊन खाडीच्या वरच्या अंगाला निघाल्या होत्या. खालच्या अंगाला काही मिळत नाही, म्हणाल्या, वर अजून थोड्या शिंपल्या आहेत.